चित्र कानांपर्यंत पोहोचावे म्हणून

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात, गर्भगृहाच्या द्वाराच्या डाव्या अंगास, पद्मपाणीचे जगद्विख्यात चित्र आहे. रंगांच्या रक्षणार्थ तेथे प्रकाश मंद ठेवावा लागतो. त्यामुळे तो उंच मुकुट, ती किंचित कललेली मान, ते अर्धोन्मीलित नेत्र आणि उजव्या हातातील नीलकमल, हे सारे कोणी जाणत्याने शब्दांनी दाखवून दिल्यावाचून डोळस प्रेक्षकालाही सहसा उमगत नाही. जे साह्य डोळस माणूस निःसंकोच घेतो, तेच अंध रसिकाने मागितले की आपण ते दयाधर्माच्या खाती मांडतो, याचा मला मनस्वी विषाद वाटतो.

ही मेहेरबानी नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या २९व्या कलमात कला दिव्यांगांना सुगम करण्याची तरतूद आहे. उणीव आहे ती अंमलबजावणीची. मूर्तीची प्रतिकृती हाती देता येते, परंतु भित्तिचित्राची उठावदार नक्कल केली तरी रंग बोटांना कळत नाहीत. तेथे ध्वनीलाच शरण गेले पाहिजे.

नेदरलँड्सचे पीटर मेयर यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत प्रतिमा डावीकडून उजवीकडे सुमारे एका सेकंदात ध्वनीत उतरते; वरचा बिंदू तारस्वरात, खालचा खर्जात, आणि जो अधिक उजळ तो अधिक मोठ्याने ऐकू येतो. चिकाटीने अभ्यास करणाऱ्यास तिच्यातून आकार ओळखता येतात, ही सिद्धी थोर आहे. तथापि पद्मपाणीच्या मुद्रेवरील करुणा त्या स्वरांत उतरेल असे मला वाटत नाही. तिला शब्द हवेत, आणि शब्दांच्या मागे संयत संगीत हवे. विष्णुधर्मोत्तर पुराणात मार्कंडेय वज्र राजाला सांगतात की, नृत्य जाणल्यावाचून चित्र कळत नाही, आणि वाद्य व गीत जाणल्यावाचून नृत्य. चित्राचे नादाशी असलेले हे सोयरेपण आपल्या शास्त्रकारांना केव्हाच ठाऊक होते.

मात्र राजवंश आणि सनावळ्या सांगणारे नेहमीचे निवेदन येथे उपयोगाचे नाही, कारण श्रोता समोरचे पाहतो आहे हे त्यात गृहीतच असते. आधी काय सांगावे, कोठे थांबावे, कोणता तपशील सोडून द्यावा, हे नभोनाट्य लिहिणाऱ्याचे कसब आहे, आणि ते मराठीत एके काळी फार चांगले जोपासले गेले.

अंध माणसास चित्रकलेत कसली गती, असे विचारणाऱ्यांनी शांतिनिकेतनचे विनोदबिहारी मुखर्जी आठवावेत. १९५७ साली दृष्टी पूर्णपणे गेल्यानंतरही त्यांनी कलानिर्मिती सोडली नाही, आणि सत्यजित राय यांनी १९७२ साली त्यांच्यावर ‘द इनर आय’ हा अनुबोधपट केला. म्हणून पुरातत्त्व खात्याने पहिल्या लेण्यापासून आरंभ करावा, संहिता प्रथम मराठीत लिहवून घ्यावी, आणि तिचा मसुदा मंजूर वा नामंजूर करण्याचा अखत्यार जन्मांध आणि मागाहून दृष्टी गमावलेले अशा दोन्ही श्रोत्यांकडे सोपवावा. कारण कमळाचा निळा रंग दुसऱ्याला स्मृतीतून उमजेल, पण पहिल्यासाठी लेखकाला त्याची निराळीच वाट शोधावी लागेल.