वर्गणी काढू, पण खेळ राखू

पुण्यातली अकरावीतली एखादी मुलगी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळायचं ठरवते आणि पहिलं पुस्तक शोधायला लागते, तेव्हा खेळाच्या आधी तिला किंमत भेटते. ‘प्लेअर्स हँडबुक’ म्हणजे खेळाडूचं मूळ पुस्तक. त्याची नवी आवृत्ती सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत ४९ डॉलर ९९ सेंटला आली. तेव्हाच्या दरानं सरळ गुणाकार केला तर हे साधारण ४,२०० रुपये होतात. ऑनलाइन सवलत लागली तर आकडा थोडा खाली येतो, माल संपला की वर जातो. खेळ चालवणाऱ्याला, म्हणजे डंजन मास्टरला (डीएमला), आणखी दोन पुस्तकं लागतात आणि त्यांचीही छापील किंमत तीच. तिन्ही मिळून साडेबारा हजार. पेठेत कॉट बेसिसवर राहून शिकणाऱ्या मुलाचे हे मेसचे काही महिन्यांचे पैसे आहेत.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. चार-पाच जण एका टेबलाभोवती बसतात. एक जण डीएम होतो आणि जग उभं करतो: गाव कुठलं, जंगलात काय आहे, दारामागून आवाज कशाचा येतोय. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि त्या पात्राच्या तोंडून बोलतात. दार फोडायचं की पहारेकऱ्याशी गोड बोलायचं, हे त्यांनी ठरवायचं. जमलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा सांगतो. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. गोष्ट महिनोन्‌महिने चालते. कोकणातले दशावतारी कलाकार लिखित संहितेशिवाय रात्रभर संवाद रचत राहतात, हे आपण कौतुकानं पाहतो. तीच हातोटी इथे अभियांत्रिकीची, कॉमर्सची, शाळेतली मुलं रविवारी दुपारी कमावत असतात. वर्गात हात वर न करणारा मुलगा तिसऱ्या सेशनला राजासमोर उभा राहून आपल्या साथीदारांची बाजू मांडतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मोबाइल खिशात ठेवून चार तास एकमेकांचं ऐकत बसणारी तरुण मुलं हल्ली आणखी कुठे दिसतात, ते तुम्हीच सांगा.

ही टेबलं वाचली पाहिजेत, आणि ती वाचवणं पुण्याच्या आवाक्यातलं आहे. त्यासाठी हा लेख.

आधी किमतीचं खरं काय ते पाहू. प्रकाशक लुटतात, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण आकडे वेगळं सांगतात. १९७८ साली या खेळाचं पहिलं ‘प्लेअर्स हँडबुक’ आलं तेव्हा त्याची किंमत ९ डॉलर ९५ सेंट होती. अमेरिकेतली तेव्हापासूनची महागाई धरली तर ते २०२४ मधले ४८ डॉलरच्या आसपास होतात. म्हणजे अमेरिकी खेळाडूला मूळ पुस्तक जवळपास तेवढ्यालाच पडतं. उलट २०१४ च्या आवृत्तीत ३२० पानं होती, नव्या आवृत्तीत ३८४ आहेत; सगळी रंगीत, जाड पुठ्ठ्यात बांधलेली. चित्रकार, लेखक, नियम तपासणारे या सगळ्यांचं पोट त्यावर आहे. पूरक पुस्तकांचं मात्र वेगळं आहे. २०२३ मध्ये राक्षसांवरच्या एका पुस्तकापासून कंपनीनं त्यांची किंमत ५९ डॉलर ९५ सेंटवर नेली. ही वाढ तिथल्या खेळाडूलाही टोचली.

आपल्याला खरी झळ बसते ती रुपयामुळे. २०१४ साली हेच पुस्तक डॉलरमध्ये जवळजवळ याच किमतीला होतं, पण डॉलर साठ-एकसष्ट रुपयांना मिळत होता. तेव्हाचे तीन हजार दहा वर्षांत बेचाळीसशे झाले, डॉलरमधली किंमत न हलता. त्यात जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पानं आयात पुस्तकांवर पाच टक्के सीमाशुल्क बसवलं. देशी प्रकाशन आणि छपाईला बळ मिळावं, हा त्यामागचा सांगितलेला हेतू. ज्या पुस्तकाला देशी पर्यायच नाही, तिथे त्या शुल्कानं बळ कोणाला मिळालं? मी हा प्रश्न तक्रार म्हणून विचारत नाही. त्याचं उत्तर आपल्या हातात आहे, त्याकडे पुढे येतो.

किंमत वाढली की खेळ एका दिवसात बंद पडत नाही. आधी डीएम कमी होतात, कारण खर्चाचा मोठा वाटा त्यांच्यावर असतो. मग ज्याच्याकडे पुस्तकं त्याच्याच घरी खेळ, त्याच्याच ओळखीची मुलं. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ २०१६ साली आली तेव्हापासून कुतूहलानं विचारणारी मुलं वाढली, पण विचारून परत जाणारीही वाढली. जी राहतात त्यातली बरीच कुणाकडून तरी आलेल्या चोरीच्या पीडीएफवर खेळतात. मला त्यांचा राग येत नाही. पण लिहिणाऱ्या-चितारणाऱ्यांना पैसा न देता त्यांचं काम वापरायची सवय सतराव्या वर्षी लागावी, हेही मला मान्य नाही. महाग पुस्तक किंवा चोरीचं पुस्तक, एवढेच दोन रस्ते आपण मुलांपुढे ठेवणार असू, तर दोष आपला.

तिसरा रस्ता या शहराला नवा नाही. १८४८ साली पुण्यात ‘पुणे नेटिव्ह जनरल लायब्ररी’ सुरू झाली. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख त्या खटपटीत पुढे होते. तीच आज पुणे नगर वाचन मंदिर म्हणून ओळखली जाते. ग्रंथ एकट्यादुकट्याला परवडत नव्हते, म्हणून लोक एकत्र आले. पुढच्या शतकात रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड घराघरात पोचले ते काही प्रत्येकानं विकत घेतले म्हणून नाही. वाचनालयातून, वर्गणीतून, हातोहात फिरत ते पोचले. आणि गंमत अशी की हा खेळही तशाच स्वस्त, चित्तथरारक वाङ्मयातून जन्मला. १९७९ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’च्या शेवटी खेळाच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सनं आपल्याला स्फूर्ती देणाऱ्या लेखकांची यादीच दिली आहे, तिच्यात अमेरिकेतल्या हलक्या कागदावरच्या स्वस्त मासिकांत लिहिणारे लेखक भरपूर आहेत. गरिबाच्या वाचनातून आलेला खेळ गरिबाला बंद व्हावा, हे मला सहन होत नाही.

म्हणून पहिलं आवाहन ग्रंथालयांना. पुणे नगर वाचन मंदिर, पुणे मराठी ग्रंथालय, उपनगरांतली सार्वजनिक वाचनालयं, अभ्यासिका चालवणारी गणेश मंडळं: तुम्ही तीन पुस्तकांचा एकच संच घ्या. घरी देऊ नका, वाचनकक्षात ठेवा, आणि रविवारी दुपारी एक मोठं टेबल मोकळं ठेवा. एका संचावर आठवड्याला दोन गट खेळले तरी वर्षभरात त्या साडेबारा हजारांचं जे होईल ते कुणा एकट्याच्या कपाटात होणार नाही. तरुण वाचक वाचनालयात येत नाहीत, ही तुमची जुनी खंत आहे. ही मुलं येतील. येताना वही-पेन्सिल घेऊन येतील, नियम वाचतील, आणि नियमांतून शेजारच्या कपाटातल्या इतिहासाच्या, कादंबऱ्यांच्या पुस्तकांकडे वळतील. डीएमला कायम नव्या गोष्टींची भूक असते.

दुसरं, जी टेबलं आज चालू आहेत त्यांना. पाच जणांनी पाच पुस्तकं घेऊ नका. वर्गणी काढा. महिन्याला दोनशे रुपये पाच जणांनी टाकले तर वर्षात बारा हजार होतात, म्हणजे जवळपास अख्खा संच. पुस्तक गटाचं असू द्या, कुणी पुणं सोडून गेलं तर ते पुस्तक पुढच्या गटाला द्या. आणि ज्यांच्या कपाटात २०१४ च्या आवृत्तीची पुस्तकं पडून आहेत, त्यांनी ती रद्दीत किंवा दामदुपटीनं विकायच्या आधी शेजारच्या महाविद्यालयातल्या मुलांना विचारावं. जुन्या नियमांवर खेळ तितकाच रंगतो.

फासे महाग वाटत असतील तर १९७९ ची एक हकिकत लक्षात ठेवा. फाशांचा तुटवडा पडला तेव्हा त्या वेळच्या प्रकाशक कंपनीनं नवशिक्यांच्या पेटीत फाशांऐवजी आकड्यांचे कागदी तुकडे घातले होते. एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या वाटीत टाका, एक उचला. चालतं.

आता सीमाशुल्काच्या प्रश्नाकडे, म्हणजे देशी पर्यायाकडे. त्याची वाट मोकळी झाली आहे. जानेवारी २०२३ मध्ये या खेळाच्या मालक कंपनीनं इतरांना नियम वापरू देणारा जुना खुला परवाना बदलायचा घाट घातला. जगभरचे खेळाडू आणि लहान प्रकाशक खवळले, लोकांनी कंपनीची सशुल्क सदस्यत्वं रद्द केली, आणि महिना संपायच्या आत कंपनी मागे हटली. नुसती हटली नाही. खेळाच्या गाभ्याचे नियम, चारशेच्या आसपास पानांचा ऐवज, तिनं क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले करून टाकले. श्रेय द्या आणि हवं ते करा: छापा, वाटा, विका, भाषांतर करा. हा परवाना मागे घेता येत नाही. पुढे फ्रेंच, जर्मन, इटालियन, स्पॅनिश भाषांतलेही मजकूर त्याच परवान्यावर आले, आणि २०२५ मध्ये नव्या आवृत्तीचे नियमही. एवढं मोठं नाही झेपलं तर ‘केर्न’ या अशाच दुसऱ्या खेळाची छोटी पुस्तिका आहे, नियम मोजक्या पानांत मावतात, पीडीएफ फुकट, परवाना खुला. तिची भाषांतरं वेगवेगळ्या देशांतल्या खेळाडूंनी हौसेनं केली आहेत.

आपण मराठीत करू. हे या लेखातलं सर्वांत मोठं मागणं आहे. वीस-पंचवीस पानांची, काळ्या-पांढऱ्या छपाईची, शंभर रुपयांच्या आत बसणारी मराठी पुस्तिका पुण्यात निघू शकते. छपाईचा आणि पुस्तकांचा एवढा मोठा धंदा ज्या शहरात आहे, त्याला हे अवघड नाही. तिच्यात युरोपातला किल्लाच का असावा? नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत पाणी आणलं ते जमिनीखालच्या नळातून, माणूस आत उतरून चालू शकेल अशा. शहराच्या पोटातून जाणारा अंधारा दगडी बोगदा! कुठल्याही डीएमला यापेक्षा चांगलं भुयार मिळणार नाही. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे वाचून वाढलेल्या शहराला साहसाची जागा परक्या नकाशात शोधावी लागू नये. इंग्रजीत अडखळणाऱ्या, पण गोष्ट सांगताना न थांबणाऱ्या मुलांसाठी ही पुस्तिका हवीच आहे. महागडं इंग्रजी पुस्तक हा अडथळा निम्मा पैशाचा आहे आणि निम्मा भाषेचा, हे विसरू नये.

प्रकाशकांनो, तुमच्याकडून मोठी गुंतवणूक मागत नाही. पाचशे प्रतींपासून सुरुवात करा. डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर २०२३ पासून पुणे पुस्तक महोत्सव भरतोय. तिथे एका गाळ्यात एक टेबल मांडा आणि येणाऱ्या मुलांना अर्धा तास खेळू द्या. पुस्तिका खपवायला वेगळी जाहिरात लागणार नाही.

आणि खेळणाऱ्यांनो, प्रकाशकाची वाट बघत थांबू नका. नियमांचं भाषांतर करायला दोघं-तिघं हवेत, ते खेळून तपासायला दोन गट, चित्रं काढायला एक चित्रकार, मांडणी जाणणारं एक माणूस, आणि मुद्रितं वाचायला कुणी चोखंदळ डोळ्यांचं. हे सगळे लोक आपल्या टेबलांवर आधीपासून बसलेले आहेत. येत्या सेशनला पहिला फासा टाकायच्या आधी दहा मिनिटं काढा, कोण काय करणार ते खेळाच्या वहीत नावानिशी लिहा, आणि त्याच पानावर पहिल्या महिन्याची वर्गणी मांडा.