पेटीची वाटणी

घरातले वडीलधारे माणूस गेले की मागे राहिलेल्या वस्तूंच्या वाटणीचा प्रसंग प्रत्येक कुटुंबावर कधी ना कधी येतोच. भांडी वजनावर वाटता येतात, दागिन्यांचे मोल सोनाराकडून करून घेता येते, आणि पुस्तकांना तर बहुधा कोणी वालीच नसतो. पण काही वस्तू अशा असतात की ती असते एकच आणि हवी असते सगळ्यांना. आमच्या घरी ती वस्तू म्हणजे आईची पेटी. ट्रंक नव्हे, बाजाची पेटी. साडेतीन सप्तकांची, ४२ पट्ट्यांची, खर्ज आणि नर असे सुरांचे दोन संच असलेली.

आईच्या लग्नात आजोबांनी दिलेली ही पेटी गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत पन्नासाहून अधिक वर्षे वाजली. आई काही मैफली गाजवणारी नव्हती. गुरुवारचे भजन, गणपतीतल्या आरत्या आणि चाळीतल्या मुलींना स्वरपाठ, एवढाच तिचा पसारा. चाळ पुनर्विकासात निघाली, खोल्या रिकाम्या करण्याची तारीख आली आणि पेटीचा प्रश्न उभा राहिला. दादा न्यू जर्सीला, ताई पुण्याला, मी डोंबिवलीला. दादा म्हणाला, “थोरला मी, पेटी माझ्याकडे यायला हवी.” ताई म्हणाली, “आईकडे बसून शिकले ती मी एकटी.” मी धाकटा. धाकट्याने अशा वेळी जे करायचे असते तेच मी करीत होतो. म्हणजे दोघांचेही फोन घेत होतो.

यातून वाट काढली ती ताईच्या मुलाने. हा भाचा दिवसा संगणकावर नोकरी करतो आणि रात्री एकांकिकांना संगीत देतो. तो म्हणाला, “मामा, भांडता कशाला? आजीची पेटी आपण सॅम्पल करू. तिघांच्याही घरी जाईल.”

सॅम्पल करणे म्हणजे काय, हे त्याने मला चहा घेता घेता सांगितले, ते आपल्यालाही सांगतो. वाद्याचा एकेक सूर वेगवेगळा ध्वनिमुद्रित करायचा. मग संगणकाला जोडलेल्या कीबोर्डची जी पट्टी दाबाल, त्या पट्टीचा सूर संगणकाने काढून द्यायचा. कल्पना आजची नाही. १९६३ साली इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला मेलोट्रॉन नावाचे वाद्य तयार झाले. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा एक तुकडा असे. पट्टी दाबली की फीत सरकू लागे, आणि सुमारे आठ सेकंदांनी ती संपली की सूरही संपे! बीटल्सच्या १९६७ सालच्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ या गाण्याच्या आरंभी ज्या बासऱ्या ऐकू येतात, त्या याच फितींवरच्या. पुढे १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनीला पीटर व्होगेल आणि किम रायरी यांनी फेअरलाइट हे यंत्र काढले आणि फितीची जागा आकड्यांनी घेतली. त्या यंत्राची किंमत अशी होती की त्यात एखादे घर आले असते. आज तेच काम घरचा लॅपटॉप करतो, आणि त्याला लागणारे सॉफ्टवेअर फुकटही मिळते.

तेव्हा चाळ रिकामी करण्याच्या आधीच्या आठवड्यात आम्ही तिघे, म्हणजे ताई, भाचा आणि मी, तीन रात्री त्या खोल्यांत राहिलो. रात्री अशासाठी की चर्नी रोडची शेवटची लोकल गेल्याशिवाय तिथे शांतता म्हणून नसते. पंखा बंद केला. सामान गेलेल्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून भिंतींवर गोधड्या टांगल्या. एक मायक्रोफोन पेटीच्या मागे सुरांजवळ ठेवला आणि दुसरा वाजवणाऱ्याच्या कानाच्या उंचीवर.

भाचा म्हणाला, “पुष्कळ लोक दर तिसरी पट्टी घेतात आणि मधल्या दोन ताणून भरतात.” ताणून म्हणजे टेप वेगाने किंवा सावकाश फिरवल्यासारखे. एकेका पट्टीपुरते ताणले तर सहसा कळत नाही. पण तीन पट्ट्या वर ताणले की सूर मूळच्या ८४ टक्के लांबीचा होतो आणि आवाजाचा पोतही बदलतो. या हिशेबाने चौदा पट्ट्यांत काम भागले असते. ताईने मान हलवली. “आईच्या पेटीची प्रत्येक पट्टी निराळी आहे. सगळ्या घे.”

सगळ्या घेतल्या. ४२ पट्ट्या, खर्ज निराळा, नर निराळा, आणि प्रत्येक सूर एकदा हलक्या भात्याने, एकदा भरल्या भात्याने: एकूण १६८ सूर. प्रत्येक सूर बारा सेकंद धरायचा. म्हणजे नुसता आवाज झाला चौतीस मिनिटांचा. पण त्याला तीन रात्री लागल्या. कारण कुठे जिन्यावर पाऊल वाजे, कुठे कुत्रे भुंके आणि सूर पुन्हा घ्यावा लागे. प्रत्येक सेकंदाला आवाजाची ४४,१०० मापे घेतली जातात. असे दोन्ही मायक्रोफोनचे मिळून सुमारे ५३० मेगाबाइट झाले. आईची सगळी पेटी माझ्या खिशातल्या पेनड्राइव्हमध्ये मावली.

भाता ताईने धरला. हवेचा दाब बारा सेकंद एकसारखा ठेवणे हे हाताचे काम आहे, ते यंत्राला सांगता येत नाही. मी एकदा धरून पाहिला, तर सूर बोटीत बसल्यासारखा डोलू लागला. ताईचा हात मात्र चालू लागला आणि मी पाहतच राहिलो. मनगट थेट आईचे.

पुढचे काम भाच्याने पुण्याला केले. प्रत्येक सुराची सुरुवात नेमकी कापली. सूर कितीही वेळ धरता यावा म्हणून मधला स्थिर तुकडा निवडून त्याचे टोक त्याच्याच आरंभाला असे सांधले की सांधा ऐकू येऊ नये. मग एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये कोणता आवाज कोणत्या पट्टीवर, ते ओळीने लिहिले. यंत्राच्या भाषेत पट्ट्यांना शून्यापासून १२७ पर्यंत क्रमांक असतात. पियानोचा मधला षड्ज साठावा. एक गोष्ट मात्र पेटीची म्हणून वेगळी करावी लागली. पियानोची पट्टी जोरात दाबली तर आवाज मोठा होतो. पेटीला त्याचे सोयरसुतक नाही. तिथे लहानमोठे करतो तो भाता. म्हणून भाच्याने कीबोर्डच्या डाव्या बाजूच्या चाकाला भात्याचे काम दिले. चाक पुढे सारले की हलका सूर मावळतो आणि भरला सूर वर येतो.

खरा वाद झाला तो सफाईवरून. भात्याला एक बारीक गळती आहे, तिचा ‘हुस्स’ असा उसासा प्रत्येक सुरामागे येतो. आणि मधल्या सप्तकातली काळी पाच दाबली की आधी ‘टक्’ असा आवाज होतो आणि मग सूर लागतो. आईचा षड्ज काळी पाचचा. इतक्या वर्षांत ती पट्टी झिजून सैल झाली आहे. भाचा म्हणाला, “हे सगळं एका मिनिटात काढून टाकतो.” ताई म्हणाली, “काढायचं असेल तर दुकानातली पेटी काय वाईट होती?”

भाच्याने आणखी एक करामत करून दाखवली. १९४० साली आकाशवाणीने पेटीला आपल्या केंद्रांतून हद्दपार केले होते; १९७१ साली ती बंदी काही अंशी उठली. पेटीवर मुख्य आक्षेप दोन: तिच्यावर मींड निघत नाही आणि तिचे सूर सारख्या अंतरावर बसवलेले असल्यामुळे पुरते खरे नसतात. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग केले तर पेटीचा शुद्ध गंधार ४०० वर बसतो, तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा मात्र ३८६ वर. सॅम्पल केलेल्या पेटीत हे चौदा भाग उतरवणे म्हणजे एक आकडा बदलणे. भाच्याने बदलला. गंधार असा मिळाला की अंगावर काटा आला. ताईनेही मान डोलावली, मग म्हणाली, “सुरेख आहे. पण ही पेटी आईची नव्हे.” शेवटी दोन पेट्या केल्या. एक सुधारलेली, आणि एक घरची: उसाशासह, टक्-सह.

दादाला दोन्ही पाठवल्या. त्याने रात्री फोन केला. “घरचीच वाजवतोय,” म्हणाला. थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “आवाज आला रे, पण भाता नाही आला. डावा हात रिकामा वाटतो.”

हे त्याने अगदी नेमके सांगितले. आणि खऱ्या पेटीचा निकालही त्यातूनच लागला. पेटी ही न वाजवता जपण्याची वस्तू नाही. वाजवली नाही तर भात्याच्या घड्या कडक होतात, सुरांच्या पितळी जिभांवर धूळ बसून त्या बोलेनाशा होतात, आतले कापड झुरळे खातात. थंड देशात हिवाळाभर तापवलेल्या घरातली कोरडी हवा तर लाकडाला तडे पाडते. तेव्हा जिचा हात भात्यावर चालतो तिच्याकडेच ती जायला हवी होती. दादाने होकार दिला. पण लगेच नाही. दोन रविवार त्याचा फोन आला नाही. तिसऱ्या रविवारी आला तो ताईला: “भाता दुरुस्त करून घे, पण काळी पाचला हात लावू देऊ नकोस.”

वाचकांपैकी कोणाला असे काही करावेसे वाटले, तर आरंभ पेटीपासून करू नका. फराळाची ताटे उचलून झाली आणि बाहेरचे फटाके थांबले की स्वयंपाकघरातल्या चार वाट्या घ्या. पाणी जास्त घालाल तसा सूर खाली उतरतो. प्रत्येक वाटीवर लाकडी चमच्याने तीनतीन वेळा वाजवा. कारण एकच ठोका पुन्हा पुन्हा ऐकवला तर कान लगेच यंत्र ओळखतो. मोबाइलवर मुद्रण करा, ऑडॅसिटीमध्ये कापा आणि डीसेंट सॅम्पलर किंवा सफोर्झांडो यांपैकी एकात बसवा. दोन संध्याकाळी मुलांचे जलतरंग तयार होते.

मग हळूच घरातल्या जुन्या वाद्याकडे वळा. आणि ते वाजवणारे माणूस घरात असेल तर भाता त्याच्याच हातात द्या. सूर घेऊन झाले की मायक्रोफोन बंद करण्याची घाई करू नका. एखादे भजन सबंध वाजवू द्या.