तोतयाचा बंदोबस्त

पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले आणि पुढे काही वर्षांनी ‘मीच तो भाऊ’ असे म्हणत एक गृहस्थ उभा राहिला. कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले, भलेभले त्याच्या नादी लागले. १७७६ साली पुण्यात त्याला देहदंड झाला, तेव्हा कुठे ते बंड निवाले. त्या बिचाऱ्याला निदान भाऊसाहेबांसारखे दिसावे लागले, वागावे-बोलावे लागले. आजच्या तोतयाला एवढेही कष्ट नकोत! आपला आधार क्रमांक, पॅन, जन्मतारीख आणि एक मोबाइल एवढ्या भांडवलावर तो आपल्या नावाने कर्ज उचलतो आणि हप्त्यांचा तगादा मात्र आपल्या दारी येतो.

या भीतीचा व्यापार न झाला तरच नवल. ‘वर्षाला अमुक रुपये भरा, तुमच्या ओळखीवर आम्ही पहारा ठेवतो’ असे सांगणाऱ्या योजना आता बँकेच्या खिडकीपासून फोनपर्यंत सर्वत्र भेटतात. तेव्हा वाचकहो, पैसे मोजण्यापूर्वी या पहारेकऱ्याचे काम काय, ते पाहू या.

पहिले काम म्हणजे आपल्या नावावरील कर्जांच्या नोंदींवर नजर ठेवणे. अशा नोंदी ठेवणाऱ्या चार संस्था आपल्या देशात आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. यांपैकी प्रत्येकीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून आहे. दर तीन महिन्यांनी एकीकडे मागितला, की वर्षभराचा पहारा झाला, तोही बिनखर्चाचा! शिवाय कोणी आपला अहवाल पाहिला तर आपणांस लघुसंदेशाने वा ई-मेलने कळवावे, असेही रिझर्व्ह बँकेने २०२३ साली या संस्थांना बजावले. चुकीची नोंद दुरुस्त करण्यास तीस दिवसांहून अधिक लागले, तर दिवसाला शंभर रुपये भरपाई ठरविली. मात्र बँकेत आपला चालू मोबाइल क्रमांक नोंदलेला हवा.

दुसरे काम म्हणजे चोरबाजारात आपली माहिती आली की कळविणे. हे म्हणजे दूध सांडल्यावर मांजराचे वर्णन सांगणे. परवलीचा शब्द बदलता येतो, जन्मतारीख कशी बदलावी?

तिसरे काम विम्याचे. येथे बारीक अक्षरांतला मजकूर वाचावा. सांकेतिक आकडा आपणच फोनवर सांगितला असेल, तर भरपाई मिळते की नाही, एवढा एक प्रश्न विक्रेत्याला विचारावा आणि उत्तर लेखी मागावे. ज्यांचे व्यवहार मोठे, कोर्टकचेरीचा खर्च ज्यांना परवडणार नाही, त्यांनी असा विमा अवश्य पारखून पाहावा. पण चार कार्डे बंद करण्यासाठी दरसाल पैसे भरण्याचे पगारदाराला कारण दिसत नाही. पैसे गेलेच, तर १९३० हा सरकारी क्रमांक ताबडतोब फिरवावा आणि बँकेला लेखी कळवावे. दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा, अशा प्रकरणी तीन कामकाजाच्या दिवसांत कळविणाऱ्या ग्राहकावर तोशीस येऊ नये, असे रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात होते. येथे किंमत आहे ती तत्परतेला.

अमेरिकेत २०१७ साली इक्विफॅक्सकडूनच सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीस गेली. दुसऱ्याच वर्षी तेथे आपल्या कर्जनोंदीला कुलूप लावण्याची सोय कायद्याने मोफत झाली. पहाऱ्यापेक्षा कुलूप बरे, हे तेथेही पटले.

आपल्याकडे कुलूप आहे ते आधारच्या ठशांना. आधारच्या संकेतस्थळावर वा मोबाइलमधील ॲपवर ते फुकट लावता येते. चंद्रपूर-गडचिरोलीकरांना याचे महत्त्व अधिक. भामरागड-एटापल्लीच्या पट्ट्यात बँक दूर, म्हणून धानाचे वा तेंदूपानाचे पैसे गावात यंत्रावर अंगठा लावून काढावे लागतात. तेथे चोराला आधार क्रमांक आणि ठसा पुरतो. दस्तऐवजांवरचे ठसे उचलून रबरी अंगठे बनविल्याचे गुन्हे देशात उघडकीस आले आहेत. कुलूप लावले, की असा अंगठा निकामी. अडचण एवढीच, की रेशनच्या दुकानातही अंगठाच लागतो, म्हणून त्या दिवशी कुलूप उघडून पुन्हा लावावे लागते. आणि त्यासाठी आधारला मोबाइल जोडलेला हवा, रेंजही हवी.

आमच्या महाविद्यालयातील एका विद्यार्थ्याने ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावचे मोबाइल क्रमांक पाहिले. चार निघाले, त्यांतले दोन त्याने कधी ऐकलेही नव्हते. आठवडी बाजारात सिमकार्ड घेताना त्याने आधारची झेरॉक्स दिली होती. तक्रार तेथेच नोंदवता आली, खर्च शून्य. झेरॉक्सवर ‘अमुक कामासाठी’ असे लिहून तारीख घालावी, किंवा आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रत द्यावी, हे त्याला तोवर कोणी सांगितलेच नव्हते.

खरी विसंगती येथे आहे. ज्याला ही योजना विकली जाते त्या शहरी कुटुंबाला तिची गरज थोडी, आणि ज्याचे वर्षाचे धान एका अंगठ्यावर टांगलेले आहे त्याच्यापर्यंत विक्रेता पोचतच नाही. पाडव्याला नवी वही घालताना म्हणून एक तास काढावा : कर्जाचा अहवाल मागवावा, नावावरचे मोबाइल तपासावे, ठशांना कुलूप घालावे. आणि घरी कामाला येणाऱ्या बाईंचे, गावाकडच्या भावाबंदांचे तेवढेच काम त्यांना शेजारी बसवून, समजावून करून द्यावे. वर्गणीपेक्षा हा तास अधिक उपयोगी पडेल.