राउटरविना इथरनेट

संगणक आणि एम्बेडेड बोर्ड एकाच इथरनेट केबलने जोडले की पत्ता वाटणारा, नाव शोधून देणारा आणि वेळ पुरवणारा राउटर मधून निघून जातो. त्याची कामे मग अभियंत्याकडे येतात.

केबलचा प्रश्न आता बहुतेक मिटला आहे. दोनपैकी एका बाजूला ऑटो-एमडीआयएक्स असले तरी साधी केबल चालते. मात्र वेग हाताने ठरवून दिला की काही चिपांमध्ये ही सोय बंद पडते, आणि मग क्रॉसओव्हर केबल शोधावी लागते.

खरी गाठ पत्त्याची. डीएचसीपीचे उत्तर आले नाही की विंडोज १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेते. एलडब्ल्यूआयपीसारख्या छोट्या स्टॅकमध्ये ही सोय मुळात बंद असते, त्यामुळे बोर्ड ०.०.०.०वरच थांबतो. विकासाच्या टेबलावर स्थिर पत्तेच बरे: संगणकाला १९२.१६८.५०.१, बोर्डाला १९२.१६८.५०.२, मास्क २५५.२५५.२५५.० आणि संगणकावर गेटवे रिकामा. वाय-फायचा सबनेट यापेक्षा वेगळाच हवा. दोन्हीकडे १९२.१६८.१ असेल, तर बोर्डासाठीचे पॅकेट वाय-फायवरून जाऊ शकते आणि निर्दोष हार्डवेअरवर संशय घेण्यात दिवस जातो.

पिंगला उत्तर आले नाही, तर आधी लिंकचा दिवा आणि मग एआरपी तक्ता पाहावा. तक्त्यात बोर्डाचा मॅक पत्ता नुकताच आला असेल, तर केबल आणि पत्ते ठीक आहेत. दोष त्याच्या वरच्या थरात आहे. यू-बूटच्या प्रॉम्प्टवर थांबलेला बोर्ड मात्र संगणकाच्या पिंगला उत्तर देतच नाही, कारण यू-बूट नेटवर्ककडे फक्त नेटवर्कची कमांड चालू असतानाच पाहते. तिथे पिंग बोर्डाकडून संगणकाकडे करायचा. तोही फसला तर संगणकाची फायरवॉल तपासावी: गेटवे नसलेली जोडणी विंडोज अनोळखी समजून सार्वजनिक गटात टाकते आणि बाहेरून आलेला पिंग अडवते. टीएफटीपीची यूडीपी ६९वरची विनंतीही तिथेच अडते, आणि कर्नलची फाइल उतरत नाही. अशा वेळी पूर्ण फायरवॉल बंद करण्याची सवय घातक आहे; तेवढ्या जोडणीपुरता नियम पुरेसा असतो.

वेळेची उणीव सर्वांत उशिरा लक्षात येते. बॅटरीवरचे घड्याळ नसलेला बोर्ड एनटीपीअभावी जुन्या तारखेवर सुरू होतो आणि टीएलएस प्रमाणपत्र ‘अजून लागू नाही’ म्हणून नाकारतो. संगणकावरच एनटीपी सर्व्हर चालवून बोर्डाला त्याचा पत्ता दिला, की ही अडचण सुटते.