जुना कंपायलर टाकू नका, नव्याचंही ऐका

साहित्य मंडळाच्या अंकात कंपायलर कशाला, असं कुणी विचारेल. पण प्रश्न आपल्याच घरचा आहे. मंडळाचे काही जुने अंक युनिकोड रुळण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले आहेत. ते आजच्या देवनागरीत आणणारा सी भाषेतला छोटा प्रोग्राम आपल्याकडे आहे, पण फक्त सोर्स कोड. तो यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर नवा झाला आणि आता एररवर एरर येतात. प्रोग्राम चालला नाही, तर ते अंक कुणी वाचायचे?

यावर दोन सल्ले हमखास मिळतात. एक, जुना कोड फेकून दे. दुसरा, कॉम्प्युटरवरचा नवा कंपायलर काढून जुना बसव. मला दोन्ही पटत नाहीत.

आधी कारण बघू. फंक्शनची ओळख न देताच ते वापरण्याची सवलत सी भाषेने १९९९च्या मानकात काढून घेतली. जीसीसी कंपायलर मात्र कित्येक वर्षं नुसती वॉर्निंग देत राहिला. २०२४च्या चौदाव्या आवृत्तीपासून तो सरळ एरर देतो. पंधरावी आवृत्ती तर सांगितलं नाही तर सी-२३ हे नवं मानकच धरून चालते.

आपल्या शुद्धलेखनाचंही असंच झालं नाही का? १९६२च्या नियमांनी कितीतरी अनुस्वार गेले. म्हणून त्याआधी छापलेलं 'कांहीं' आपण अशुद्ध ठरवत नाही. त्या काळच्या नियमाने वाचतो.

कोडलाही तोच न्याय द्यावा. लिनक्सवर जीसीसीच्या दोन आवृत्त्या शेजारी-शेजारी राहू शकतात. सिस्टीमचा कंपायलर तसाच ठेवायचा आणि फक्त या बिल्डपुरतं 'सीसी' व्हेरिएबलमध्ये जुन्याचं नाव द्यायचं. कधी कधी नव्यालाच जुनं मानक सांगितलं तरी भागतं. कंपायलर बदलला की आधीच्या ऑब्जेक्ट फाइल्स पुसून सगळं नव्याने बिल्ड करावं. सी प्लस प्लसमध्ये तर हे फारच महत्त्वाचं, कारण २०१५च्या जीसीसी ५मध्ये स्ट्रिंगची आतली रचनाच बदलली. जुनं-नवं मिसळलं की लिंक करताना अडतं.

पण जुन्यावरच कायम बसून राहणं हा आळस झाला. नव्याची कटकट उगाच नसते. ओळख न दिलेलं फंक्शन पूर्णांकच परत करतं, असं जुना कंपायलर गृहीत धरायचा. त्याने मेमरीतला पत्ता परत केला, तर ६४-बिट यंत्रावर तो अर्धा कापला जाऊन प्रोग्राम कोसळू शकतो. म्हणजे नवा कंपायलर खरा दोष दाखवतोय.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. आज जुन्या कंपायलरने प्रोग्राम चालवून अंक वाचवा. मग सावकाश नव्याच्या एकेक एररप्रमाणे कोड दुरुस्त करा. आणि सोर्ससोबतच्या रीडमी फाइलमध्ये कुठल्या कंपायलरची कुठली आवृत्ती वापरली, ती एक ओळ लिहा. पुस्तकावर आपण आवृत्ती छापतोच की! मंडळात पुढच्या वर्षी येणाऱ्यांना त्या ओळीचाच आधार असेल.