दाढीला फिल्टर म्हणू नका

आमच्या खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी तोच मेसेज येतो : दाढी-मिशा हवेतली धूळ आणि जंतू अडवतात, म्हणून दाढीवाल्यांचे नाक निरोगी राहते, सुन्नतीमागचे विज्ञान पाहा! खाली 'माशाअल्लाह'ची रांग. मीही दाढी ठेवतो, पण हा मेसेज पुढे पाठवत नाही.

नाकाची गाळणी नाकाच्या आतच असते. नाकपुडीतले केस मोठे कण अडवतात, त्यामागचा चिकट द्रव बारीक धूळ पकडतो. 2011 मध्ये तुर्कस्तानातल्या डॉक्टरांनी परागकणांची ॲलर्जी असलेले 233 रुग्ण तपासले. नाकात दाट केस असलेल्यांपैकी सुमारे 17 टक्क्यांना दमा होता. ज्यांचे केस अगदी विरळ होते किंवा नव्हतेच, त्यांच्यापैकी सुमारे 45 टक्क्यांना. हे केस नाकातले, हनुवटीवरचे नव्हेत. (सलूनमध्ये वॅक्स लावून ते मुळासकट उपटून घेणाऱ्या दोस्तांनो, थांबा. तिथे पुळी झाली की फार दुखते. बाहेर आलेली टोके कात्रीने कापली तरी पुरे.) मिशीत मात्र धूळ आणि परागकण अडकतात आणि नाकाखालीच बसून राहतात. ॲलर्जी असेल तर बाहेरून आल्यावर मिशी साबणाने धुवा.

आता दुसरी बाजू. 2019 साली 'दाढीत कुत्र्यापेक्षा जास्त जंतू' ही बातमी जगभर फिरली आणि ऑफिसात माझ्याकडे पाहून हशा पिकला. स्वित्झर्लंडमधल्या त्या अभ्यासात 18 दाढीवाले पुरुष आणि 30 कुत्री होती. बिनदाढीचा पुरुष एकही नव्हता! मग दोष दाढीचा की माणसाचा, हे ठरणार कसे? आपल्या लोकांनी उत्तरादाखल 2014 चा अमेरिकेतला अभ्यास फिरवला : 408 पुरुष रुग्णालय कर्मचाऱ्यांपैकी बिनदाढीच्या 52.6 टक्क्यांवर स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू सापडला, दाढीवाल्यांपैकी 41.2 टक्क्यांवर. आकडे खरे आहेत, पण त्यावरून दाढीने नाक वाचते हे सिद्ध होत नाही.

प्रेषितांनी (स.) दाढी ठेवायला सांगितली ती नाकाच्या आजाराचे कारण देऊन नव्हे. नाकासाठी वजूत नाकात पाणी घेणे वेगळे आहेच. सुन्नत अशा अभ्यासावर टेकवली, तर उद्या नवा अभ्यास उलटा निघाल्यावर कॉलेजातल्या पोराने काय करायचे? दाढी काढायची?

आणि या मेसेजने खरे नुकसानही होते. दाढीच फिल्टर आहे असे मानणारा मुलगा ग्राइंडिंगच्या किंवा स्प्रे पेंटिंगच्या कामावर मास्क कशाला नीट लावेल? चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-95 दाढीवर बसत नाही, कडेने धूळ आत जाते. कोरोनाच्या काळात ब्रिटनमधल्या शीख डॉक्टरांपुढे हाच प्रश्न होता. त्यांनी तो लपवला नाही आणि दाढीही काढली नाही. रबराची ताणणारी पट्टी हनुवटीखालून घेऊन दाढी पूर्ण झाकायची, डोक्यावर गाठ मारायची आणि वरून मास्क लावायचा, अशी 'सिंग ठाठा' पद्धत त्यांनी चाचणी घेऊन वापरात आणली. आपल्या ग्रुपवर तिचा व्हिडिओ मी अजून पाहिलेला नाही.