लाउंजचा हिशेब

पुण्यात नोकरीला असलेल्या माझ्या मामेभावाने वर्षाला 12,500 रुपये फीचे क्रेडिट कार्ड घेतले आहे. 18 टक्के जीएसटी धरून 14,750! विमानतळावरच्या लाउंजमध्ये बसणे-खाणे फुकट, असे मामी कौतुकाने सांगते. फुकट कसले? बाहेरचे खाणे 500 रुपये धरले, तर फी वसूल व्हायला 30 खेपा हव्यात. दादा वर्षातून चारदा उडतो. बाकीच्या सवलती वापरतही नाही. एस.टी.चा 'आवडेल तेथे प्रवास' पास काढताना आपण धाराशिवकर चार दिवसांत किती गावे होतील ते आधी मोजतो. हेच दादाला सांगितले. तो म्हणाला, "तिथं आपल्याला कुणी ऊठ म्हणत नाही." फाट्यावर गाडीची वाट पाहत, तासन्तास उभे राहून शिकलेल्या माणसाचे हे उत्तर. मी गप्प बसलो. फी मात्र मला अजूनही जास्तच वाटते.